निरोप गेला, उत्तर वाटेत आहे

प्रश्न: मावशी, नमस्कार. आम्ही मानेवाड्यात राहतो. माझे मिस्टर वनखात्यात आहेत, जूनमध्ये त्यांची बदली भामरागड तालुक्यात झाली. मुलगी साडेचार वर्षांची आहे. ते ब्रह्मपुरीला होते तेव्हा रोज रात्री व्हिडिओ कॉल व्हायचा. आता तिकडे रेंज असली तर असते, नाही तर दोन-दोन दिवस नसते. म्हणून मी तिच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज पाठवून घेते. ती बटण दाबून विचारते, ‘बाबा, अस्वल दिसलं का?’ आणि मोबाइल कानाला लावून उभी राहते. उत्तर आलं नाही की पुन्हा तेच विचारते. मग रडारड, ‘बाबा माझ्याशी बोलूनच नाही राहिले.’ परवा तर मोबाइल सोफ्यावर आदळला. सासूबाई म्हणतात, पोट्टी हट्टी झाली, मोबाइल देऊच नको. मी तिला समजावू तरी काय?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर: हट्टी अजिबात नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा अन् एवढंही सांगा, की ज्या पोरीने प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी फोन कानाला लावून उभी राहिली, तिला बोलणं म्हणजे काय ते चांगलं समजलेलं आहे. तिचं अडलंय एकाच जागी. बाबांच्या त्याच फोटोवर बोट ठेवलं की बाबा रोज रात्री लगेच बोलायचे. आता त्याच फोटोवर बोट ठेवून बोललं तर बाबा गप्प. तिने काय समजावं?

आपल्या लहानपणी ही गल्लत व्हायला जागाच नव्हती. फोन काळा, जड आणि गल्लीत एखाद्याच घरी. आंतरदेशीय पत्र निळं, घडीचं, डिंकाने चिकटवलेलं. आणि तार आली म्हटलं की बायका आधी डोळ्यांना पदर लावायच्या, मग कुणाकडून तरी वाचून घ्यायच्या. वस्तूच वेगवेगळ्या, त्यामुळे कशाचं उत्तर कधी यायचं हे कुणी न सांगता कळायचं. आता फोन, पत्र, तार, फोटोंचा अल्बम सगळं एकाच काचेमागे. आतले कप्पे आपल्याला ठाऊक आहेत. तिला ते अजून कुणी दाखवलेले नाहीत.

मुलांना हे किती लवकर जाणवतं बघा. लिन मरे आणि कॉल्विन ट्रेव्हार्थन या दोघांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. जेमतेम दोन महिन्यांच्या बाळांना त्यांची आई पडद्यावर दाखवली. आई दुसऱ्या खोलीत, पण थेट. बाळ हसलं की ती हसणार, त्याने आवाज केला की ती बोलणार. बाळं मजेत होती. मग त्याच आईचं थोड्या वेळापूर्वीचं चित्रण लावलं. तोच चेहरा, तेच लाड, फक्त बाळाच्या हसण्याशी आईच्या हसण्याचा मेळ नाही. बाळं कावरीबावरी झाली, तोंड फिरवू लागली. पुढे २०१४ साली अमेरिकेत दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवून पाहिली. समोर बसलेल्या माणसाकडून ती शिकली, व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडूनही शिकली, पण आधीच चित्रित करून ठेवलेल्या व्हिडिओतून मात्र नाही. समोरचा आपल्याला उत्तर देतोय की नुसताच बोलतोय, हे ओळखायला मूल आपल्याकडे शिकवणीला येत नाही. शिकवायचं आहे ते पुढचं. उत्तर आत्ता आलं नाही तरी येऊ शकतं, आणि तोवर आपला निरोप कुठेतरी असतो, हरवलेला नसतो.

म्हणून तिला निरोपाची वाट दाखवा. एक मोठा कागद घ्या, जुन्या कॅलेंडरची मागची बाजू उत्तम. डावीकडे मानेवाड्याचं घर काढा, उजवीकडे बाबांचं क्वार्टर. मध्ये रस्ता: उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी (ते तिला माहीत आहे, तिथे आधी बाबा होते), गडचिरोली, आलापल्ली, मग दाट झाडं, मग पर्लकोटा नदी. झाडं आणि नदी तिलाच रंगवू द्या. आता एक चिंचोका घ्या. तो निरोप.

पुढचं काम मोबाइल बघून करायचं, पण मोबाइल तुमच्या हातात, चिंचोका तिच्या. निरोप पाठवला आणि एकच टिक दिसली, म्हणजे निरोप आपल्या घरून निघाला पण बाबांचा फोन झोपलाय. चिंचोका नदीच्या अलीकडे ठेवायचा. दोन टिक आल्या की फोन जागा झाला. चिंचोका नदी ओलांडून क्वार्टरच्या दारात. आणि व्हॉइस मेसेजला बारकं माइकचं चित्र असतं ना, समोरच्याने ऐकलं की ते निळं होतं. माइक निळा झाला की चिंचोका बाबांच्या कानाशी. आता निरोप काही उमरेड-नागभीड करत एसटीने जात नाही, तो कंपनीच्या कुठल्याशा संगणकात बाबांच्या फोनची वाट बघत बसतो, हे मलाही कळतं. ते ती आठवीत गेली की शिकेल. आज तिला एवढंच पुरे, की निरोप निघणं, पोचणं आणि ऐकला जाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यातली एक झाली म्हणून दुसरी झाली असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर भांडणारी मोठी माणसं बघितली, तर हे त्यांनाही शिकवायला हवं असं वाटतं.

‘बाबा आत्ता करतील हं फोन’ असं मात्र चुकूनही सांगू नका. रडू थांबवायला आपण बोलून जातो, पण तिच्या हिशेबात ‘आत्ता’ म्हणजे आत्ता. ‘दोन तासांनी’ म्हणूनही उपयोग नाही, या वयाला तास कळत नाही. तिच्या दिवसातल्या खुणा वापरा: शाळेतून येऊन डबा धुवायला टाकल्यावर बघू, देवाजवळ दिवा लावल्यावर बघू. दिवसातून असे दोनच वेळ ठरवा. त्या वेळी दोघींनी मिळून टिक बघायची, चिंचोका हलवायचा किंवा हलवायचा नाही, आणि फोन ठेवून द्यायचा. मधे विचारलं तर ‘दिवा लागला का?’ एवढंच म्हणा. चार-सहा दिवसांत तीच आजीला सांगेल की अजून दिवा लागला नाही.

पावसाळ्यात पर्लकोटाला पूर येतो, पुलावरून पाणी जातं, भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण दरवर्षी पेपरात वाचतो. तशा दिवसांत कागदावरच्या नदीला निळ्या खडूने आणखी रेघा ओढून ती मोठी करा. ‘पाणी उतरलं की निरोप जाईल.’ तुमच्या स्वतःच्या पोटात गोळा येत असेल तो येऊ द्या, पण तिला खरं कारण, तिला झेपेल इतकं, सांगा. कारण कळलं की मूल थांबतं. कारण कळलं नाही की स्वतःच एक कारण शोधतं, आणि ते बहुतेक वेळा ‘बाबा रागावले’ हेच असतं.

आता मिस्टरांसाठी. हा भाग त्यांना ऐकवा, रेंज येईल तेव्हा. मुलीने सोमवारी विचारलं अस्वल दिसलं का, आणि बुधवारी तुमचं उत्तर आलं, ‘नाही गं राणी, नाही दिसलं.’ तिला काय कळणार? अस्वलाचं ती विसरून गेली, तोवर तिच्या डोक्यात तीन वाढदिवस आणि एक मांजर येऊन गेलं. म्हणून उशिराच्या उत्तरात प्रश्नही सांगायचा. ‘तू मला विचारलं होतंस ना, अस्वल दिसलं का? तर ऐक, अस्वल नाही दिसलं, पण मोहाच्या झाडावर त्याच्या नखांचे ओरखडे दिसले.’ आणि शेवटी तिला एक प्रश्न विचारायचा, एकच. पाच विचारले तर ती एकाचंही उत्तर देणार नाही.

तिलाही याची दुसरी बाजू शिकवायची आहे. मुलं व्हॉइस मेसेजमध्ये हमखास म्हणतात, ‘बाबा, हे बघा, हे मी केलं!’ आणि हातातलं चित्र फोनसमोर नाचवतात. लगेच टोकू नका. निरोप पाठवायच्या आधी तिलाच परत ऐकवा आणि विचारा, ‘बाबांना कळेल का हे म्हणजे काय?’ ती खुदकन हसेल आणि पुन्हा सांगेल, ‘मी मोर काढला, त्याला अकरा पिसं आहेत.’ समोर नसलेल्या माणसासाठी बोलणं ते हेच. पुढे निबंध लिहितानाही हेच लागतं, पण तो विषय आज नको.

एक खेळ सांगते, बालवाडीतल्या मुलांना फार आवडायचा. तुम्ही एक गोष्ट सांगायची, तिने ओरडून सांगायचं ‘आत्ता!’ किंवा ‘मग!’ गुडघा फुटला, रक्त येतंय? आत्ता. मोराचं चित्र काढलं? मग. आजीला चक्कर आली? आत्ता. दात हलतोय? यावर वर्गात मारामारीची वेळ यायची, कारण दात हलणाऱ्याला ते ‘आत्ता’च वाटतं. ‘आत्ता’वाल्या गोष्टी जवळच्या माणसाला हाक मारून सांगायच्या, निरोप ठेवून वाट बघत बसायचं नाही. शेजारच्या काकूंचं दार कसं वाजवायचं ते आजच दाखवून ठेवा. ११२ हा तातडीच्या मदतीचा आकडा साडेचार वर्षांच्या मुलीला पाठ होतो, तो करा. त्याबरोबर आपला पत्ताही सांगता आला पाहिजे.

आणि हो, मोबाइल बंद करू नका. बाबा तालुक्याच्या गावी येतील तेव्हा पाच मिनिटं का होईना, थेट बोलणं होऊ द्या. निरोपांनी ती भूक भागत नाही.

---

प्रश्न: माझा नातू पुण्याला असतो, पहिलीत आहे. मी रोज सकाळी त्याच्या आईच्या मोबाइलवर त्याच्यासाठी सुविचार आणि फुलांचं चित्र पाठवतो. आशीर्वादाचे निरोप बोलून पाठवतो. त्याचं कधी उत्तर नाही. सुनेला विचारलं तर म्हणते, ‘बाबा, त्याने ऐकलं, त्याला आवडलं.’ आजकालच्या मुलांना उत्तर द्यायची रीत राहिली नाही असं वाटतं. आपलं मत कळवावे.
— एक आजोबा, महाल, नागपूर

उत्तर: आजोबा, स्पष्ट लिहिते, राग मानू नका. सुविचाराला कुणी काय उत्तर देणार? ‘सत्य हाच धर्म’ वाचून सहा वर्षांच्या पोराने काय लिहावं, ‘हो’? उत्तर हवं असेल तर ज्याचं उत्तर फक्त त्यालाच ठाऊक आहे असं काही विचारा.

त्यातून, तुम्ही महालातले. तान्हा पोळा तुमच्या दारावरून जातो. लाकडी बैल घरात असेलच, त्याच्या बापाचा असेल माळ्यावर. तो काढा, पुसा, आणि नातवाला साधं पोस्टकार्ड टाका: ‘तुझ्या बाबाचा बैल सापडला. एक शिंग लाल रंगवलं. दुसरं कोणत्या रंगाचं करू? तुझं उत्तर आल्याशिवाय ब्रश पुन्हा हातात घेणार नाही.’ आणि खरंच घेऊ नका. घरातून फोन आला, सून म्हणाली ‘तो निळा म्हणतोय’, तरी सांगा की मला पत्रातच हवं. पोळ्याच्या पंधरा-वीस दिवस आधी हे केलं तर उत्तर यायला वेळ मिळेल. उत्तर वेळेत नाही आलं तर बैल एका शिंगाने रंगलेला मिरवा आणि त्याचा फोटो पाठवा. उशीर झाला तर काय होतं ते त्याला समजेल, आणि न रागावता समजेल.

पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. आपल्याकडे ते १८७९ साली सुरू झालं, तेव्हा किंमत पाव आणा होती. बॉलपेननेच लिहा; शाईचं पेन पावसात भिजलं तर नातवाला नुसतं जांभळं आभाळ मिळेल. अक्षर मोठं, जोडाक्षरं कमी. वर तारीख लिहायची, आणि ती का लिहायची हे त्याला पहिल्याच पत्रात विचारायचं. तारीख नसेल तर ‘आज आमच्याकडे पाऊस आहे’ यातला ‘आज’ कोणता? पत्र वाचणाऱ्याचा आज आणि लिहिणाऱ्याचा आज वेगळा असतो, ही गोष्ट सहा वर्षांच्या डोक्याला केवढी मोठी आहे! त्याला पोस्टाचा शिक्काही बघायला सांगा, त्यात गाव आणि तारीख असते. तारखा वजा करून पत्र किती दिवस वाटेत होतं ते काढू द्या. पहिलीतली वजाबाकी तेवढीच असते.

पिन कोडही शिकवा, त्यात आपला मराठी माणूस आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्राच्या दळणवळण खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिन कोड लागू झाला, ती कल्पना त्यांची. एकाच नावाची गावं ढीगभर, हस्ताक्षरं नाना तऱ्हेची आणि भाषा वेगवेगळ्या. त्यातून पत्र बरोबर दारी जावं म्हणून सहा आकडे. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा हा पट्टा. नागपूरची सुरुवात ४४० ने, पुण्याची ४११ ने. शेवटचे तीन आकडे कोणत्या पोस्टातून पत्र वाटलं जाणार ते सांगतात. नातवाला फक्त एवढंच कळवा की तुझ्या पत्त्यातले शेवटचे तीन आकडे ओळखतात तुझ्या पोस्टमनकाकांना. तो पुढचं स्वतः विचारेल.

कधी असं होईल की तुमचं पत्र तिकडे जाईल तेव्हा त्याचं इकडे यायला निघालेलं असेल. दोन्ही पत्रांत एकमेकांच्या प्रश्नांची उत्तरं नसतील. मुलं यावर फार हसतात. तेव्हा फोन करा आणि दोघं मिळून हसा, फोनचा तोच तर उपयोग.

सकाळची फुलं सुनेला पाठवत राहा, तिला आवडत असतील.

---

प्रश्न: मी काटोल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पहिली-दुसरीचा वर्ग एकत्र आहे. पुढे परिसर अभ्यासात संदेशवहनाचा धडा येतो, तेव्हा मुलं ‘पत्र, तार, दूरध्वनी’ नुसतं पाठ करतात. कुणी तार पाहिलेली नाही. लगेच पोचणारा आणि उशिरा पोचणारा निरोप, हा फरक आताच करून दाखवता येईल असं काही सुचवाल का? पैसे खर्च न करता.
— एक शिक्षिका, काटोल तालुका

उत्तर: तारेची चिंता सोडा, ती जुलै २०१३ मध्ये सरकारनेच बंद केली. धड्यात राहिली तर आजीकडून गोष्ट ऐकायला राहिली.

तुमच्याकडे एकत्र वर्ग आहे, हे तर घबाडच. कागदी पेले आणि दोरा घेऊन फोन करा. दोरा ताणलेला हवा, भिंतीला किंवा कुणाच्या खांद्याला टेकला की आवाज मेला. पहिलीच्या मुलाने एका टोकाला विचारायचं, दुसरीच्याने दुसऱ्या टोकाला लगेच उत्तर द्यायचं. हे झालं ‘आत्ता’. त्याच मुलांना मग चिठ्ठी लिहायला सांगा, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढायचं, आणि ती बुटाच्या खोक्यात टाकायची. खोकं उघडायचं खिचडी खाऊन झाल्यावर. एकच मूल पोस्टमन, आणि त्याच्यावर एकच बंधन: चिठ्ठी वाचायची नाही. (हे बंधन पाळणं सगळ्यात अवघड जातं, म्हणून पोस्टमन रोज बदला.)

दोन्ही वेळा प्रश्न सारखाच ठेवा, गंमत त्यातच आहे. सकाळी विचारा, ‘तुला भूक लागली का?’ दोऱ्याच्या फोनवर उत्तर येतं, ‘हो, खूप.’ खोक्यातली चिठ्ठी मिळते तेव्हा पोट भरलेलं असतं. मुलं आपोआपच म्हणतील, ‘बाई, हा प्रश्न आता चुकला!’ इथे तुम्ही काही बोलू नका. कुठले प्रश्न खोक्यात टाकले तर चालतात आणि कुठले नासतात, ते त्यांनाच ठरवू द्या. ‘तुझ्या गाईचं नाव काय’ चालतं. ‘बाहेर कोण उभं आहे’ नासतं. फळ्यावर दोन बाजूला लिहीत जा, त्यांच्याच शब्दांत.

काटोलच्या पोस्टात घेऊन गेलात तर आणखी बरं. लाल पेटीवर टपाल कधी निघणार ती वेळ लिहिलेली असते, ती वाचून दाखवा. त्या वेळेच्या पाच मिनिटं आधी टाकलेलं आणि पाच मिनिटं नंतर टाकलेलं पत्र यात एक दिवसाचा फरक कसा पडतो, यावर तुमचे दुसरीतले चतुर पोट्टे अर्धा तास वाद घालतील.

‘लगेच’ म्हणजेही अगदी लगेच नसतं, हे थोड्या मोठ्यांना सांगावं. क्रिकेटची मॅच असली की बघा: शेजारच्या टीव्हीवर आऊट झाल्याची बोंब उठते, आणि आपल्या मोबाइलवर बॉलर अजून धावतोच आहे. दोन्हीवर ‘लाइव्ह’ लिहिलेलं, पण चित्र मोबाइलवर यायला जास्त वेळ लागतो. मुलांनी हे पाहिलेलं असतं, फक्त कुणी त्याबद्दल विचारलेलं नसतं. पावसाळ्यात वर्गात बसून वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजता येतात. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे नऊ मोजले तर वीज तीन किलोमीटरवर. मोजायचं ते छपराखालीच, झाडाखाली तर मुळीच नाही.

तिसरी-चौथीच्या मुलांना आकाशात न्या. चंद्रावरून निघालेल्या रेडिओ संदेशाला इथे यायला साधारण सव्वा सेकंद लागतो. तिथल्या माणसाला ‘हॅलो’ म्हटलं तर त्याचा ‘हॅलो’ यायला अडीच. मंगळ तर कधी जवळ, कधी लांब, त्यामुळे तिथला निरोप यायला तीन मिनिटांपासून बावीस मिनिटांपर्यंत काहीही लागू शकतं. आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाभोवती फिरू लागलं, तेव्हा संदेश यायला बारा मिनिटांवर वेळ लागत होता. ‘आता ब्रेक लाव’ असं इथून ओरडून उपयोग नव्हता, म्हणून काय कधी करायचं त्या सगळ्या सूचना शास्त्रज्ञांनी यानाला आधीच भरून दिल्या होत्या. हे सांगून मुलांना विचारा: आई चार दिवस गावाला जाणार आणि फोन लागणार नाही, तर ती जाताना काय काय सांगून ठेवेल? कुकरच्या शिट्ट्यांपासून गाईच्या कडब्यापर्यंत यादी येते. सहल काढणार असाल तर नागपूरला गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र आहे, तिथे तारांगणही आहे.

---

प्रश्न: मी हिंगण्याला एमआयडीसीत नोकरी करतो. कामावर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मुलगा सात वर्षांचा. शाळेतून आला की आईच्या मोबाइलवरून मला फोन लावत सुटतो. सुटी होऊन बघतो तर मिस्ड कॉलची रांग. घाबरून फोन करावा तर म्हणतो, ‘बाबा, येताना खोडरबर आणा.’ त्याला कळत कसं नाही?
— एक वडील, हिंगणा

उत्तर: कारण त्याच्याकडे एकच बटण आहे. खोडरबर असो की घराला आग, तेच हिरवं बटण. तुम्ही त्याला दुसरी जागा द्या.

फ्रिजवर एक पाटी टांगा, ‘बाबांना सांगायचं’. सुचलं की त्याने त्यावर लिहायचं. अट तुमच्यासाठी आहे: घरात पाऊल टाकलं की चपला काढायच्या, हातपाय धुवायचे आणि पहिले पाटी वाचायची, मोठ्याने, त्याच्या समोर. चहा त्यानंतर. वाचलेल्या ओळीपुढे बरोबरची खूण करायची. हे तुम्ही आठवडाभर विसरलात तर तो पुन्हा फोनवर येईल, आणि त्याचं बरोबरच असेल. ज्या पेटीतलं टपाल कुणी काढत नाही तिच्यात कोण पत्र टाकेल?

खरी अडचण आली तर काय, हे वेगळं ठरवा. तुमच्या सुपरवायझरला विचारून ऑफिसचा नंबर घ्या आणि तो आईजवळ ठेवा. मुलाला शेजाऱ्यांचं नाव आणि ११२ माहीत असू द्या. आणि मिस्ड कॉल आल्यावर तुम्ही जो घाबरा फोन करता, तो बंद नका करू, फक्त पहिलं वाक्य बदला. ‘काय झालं?’ ऐवजी विचारा, ‘आत्ताचं की पाटीचं?’

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. रात्री जेवताना तो शाळेतलं काही सांगत असतो आणि तुमचा मोबाइल वाजतो, तेव्हा तुम्ही काय करता? पुढच्या पत्रात तेवढं कळवा, मग खोडरबराचं पुढे बोलू.